चाळीस लिटर पाणी, एक किलो साखर

आमच्या जठारपेठेतले किसनकाकाजी चाळीस लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवतात आणि मग दिवसभर लाकडं जाळून ते पाणी उडवतात. शेवटी तळाशी जो गोड पाक उरतो तो पाहून पोरासारख्या टाळ्या वाजवतात. ही साखर त्यांनी त्याच सकाळी किराणा दुकानातून कोरडीच आणलेली असते.

मी गणिताची शिक्षिका. असलं उदाहरण समोर आलं की मला राहवत नाही. एकदा विचारलंच, "काकाजी, पाणी टाकलंच नाही तर?"

"मंग उडवू काय, मॅडम?"

काकाजींचं कूलरचं दुकान आहे. पत्रा कापणं, वाळ्याची ताटी बसवणं, पंप बदलणं, सगळं एकहाती. वय सत्तरीला टेकलंय, पण बोलणं अजून फुल स्पीडवर. "पाणी उडवणं हाच आपला धंदा," असं ते छाती काढून सांगतात, आणि अडचण कोणतीही असो, उत्तर एकच: "उडवून देऊ!" माझी बदली, गल्लीतलं नळाचं भांडण, त्यांची स्वतःची शुगर, सगळं ते उडवून देतात. फक्त मार्चमध्ये त्यांच्या वाटेला जायचं नाही. अख्ख्या अकोल्याला एकाच आठवड्यात आठवतं की आपला कूलर गच्चीवर पडलाय. मुलगी सुनंदा मार्चमध्येच जन्मली, तर हे तिला पाहायला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले, तेही वॉर्डातला कूलर बिघडला म्हणून बोलावणं आलं तेव्हा! काकू होत्या तोवर ही गोष्ट सुनंदाच्या दर वाढदिवसाला सांगायच्या आणि काकाजी दरवेळी खो खो हसायचे.

सुनंदा आता कॅनडात असते. काकू गेल्यावर तिनं वडिलांना तिकडे नेलं. सहा महिन्यांचं ठरलं होतं, काकाजी सहा आठवड्यांत परत. "तिथं कूलरच लागत नाई, मॅडम! मंग मी कायच्या कामाचा? पोरगी कामावर जाये, मी खिडकीतून बर्फ पाहो." त्यानंतर बापलेकीचं फोनवरचं बोलणं ठरून गेलं. जेवले का, गोळी घेतली का, ठेवू का.

या वर्षी मार्चच्या सुरुवातीला तिचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते, माझा कूलर दुरुस्तीला घेऊन. सुनंदाच्या नव्या घरामागे मेपलची सहा झाडं आहेत. थंडी सरता सरता खोडाला भोक पाडलं की पाण्यासारखा रस ठिबकतो आणि तो आटवला की सिरप होतं. चाळीस लिटर रसाचं जेमतेम एक लिटर. रस येतो महिनाभरच. तिनं स्वयंपाकघरात पातेलं चढवून पाहिलं, तर वाफेनं भिंतीचा रंगच निघाला.

"बाबा, एवढं पाणी उडवू कसं?"

काकाजींनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला की मी माझ्या कूलरचं बोलायचं विसरले. "पाणी उडवाचं हाय? अवं पोरी, मंग मले इचारायले एवढे दिवस काहून लावले?"

ठरलं असं की इथे भट्टी करून पाहायची, मापं तिला कळवायची, तिनं तिकडे तशीच बनवून घ्यायची. अकोल्यात मेपल कुठून आणणार, म्हणून साखरेचं पाणी. तेलाचा ड्रम आडवा कापून चूल झाली, वर स्टीलचा ट्रे. पहिला ट्रे वीतभर खोल. सकाळी पेटवलेली चूल संध्याकाळपर्यंत धडधडली आणि पाणी निम्मंसुद्धा उडालं नाही. काकाजी कपाळाला हात लावून बसले.

"चाळीस वर्षं पाणी सरू नाई म्हणून टाकी खोल केली मी. आता सरावं म्हणून उथळ कराची हाय, तर हातच ऐकून नाई राहिले."

दुसरा ट्रे चार बोटांचा. मध्ये पट्ट्या, म्हणजे पाणी नागमोडी फिरत फिरत दाट होत जाईल, आणि टोकाला पाक सोडायला कॉक. पाणी आपोआप येत राहावं म्हणून कूलरच्या टाकीतला तरंगता बॉल बसवला, तो प्लॅस्टिकचा. अर्ध्या तासात वितळला आणि पाक पोपटी झाला. बॉल माझ्या कूलरचा होता. वाफ हटवायला लावलेला पंखाही माझ्याच कूलरचा, हे नंतर कळलं.

"काकाजी, मार्च संपला! घरात भाजून निघतेय मी."

"उडवून देऊ!"

"काय उडवून देणार?"

"गरमी!"

गिऱ्हाइकं ओरडून गेली, फोन वाजून वाजून थांबले. काकाजी फक्त सुनंदाचा फोन उचलत आणि तो तासभर चाले. पट्टी किती उंच, धुराडं कुठं, लाकूड कोणतं. माझं घर दुकानाला लागूनच, त्यामुळे भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं आणि खरं सांगते, माझा राग निम्मा तिथेच विरायचा.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी हाक आली, "मॅडम, धावत या! पोरीचा पाक दाटून राहिला!"

तिकडे सकाळ होती. फोन डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात कानटोपीतली सुनंदा, मागे बर्फ, पुढे हुबेहूब आमच्यासारखा ट्रे. इकडे काकाजींनीही आपली भट्टी पेटवलेली, घामानं निथळत होते.

"तुमची कशाला पेटवली?"

"थे एकटी चुलीच्या इस्त्यापाशी उभी राहीन काय?"

"बाबा, वाफेत थर्मामीटर दिसून नाई राहिला! उतरवू काय?"

"थांब! बुडबुडे दाखव." काकाजींनी फोनला नाक लावलं. मोठे बुडबुडे बारीक होत होते, सोनेरी फेस काठापर्यंत चढला होता. "चमचा बुडव. वर धर. थेंब थेंब पडते, का पसरून पडदा होते?"

"थेंब."

"थांब."

मिनिटभर चुकलं की पंधरा दिवसांचा रस करपणार. काकाजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"पडदा, बाबा! पडदा आला!"

"कॉक उघड! उघड, सुनू!"

बरणीत सोन्यासारखी धार पडली. तिनं बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले आणि "बाबाऽऽ!" अशी ओरडली की फोन डब्यावरून घसरला. मी चक्क उड्या मारल्या. पन्नाशीच्या बाईनं मारू नयेत, पण मारल्या.

मग ती हळूच म्हणाली, "पुढच्या मार्चात तुमी इकडंच या, बाबा. माझ्याच्यानं एकटीनं नाई होत."

मार्च! मला वाटलं, आता काकाजींना कूलर आठवणार. फोन ठेवून ते भट्टीतली लाकडं बाहेर ओढत बसले. "उडवून देऊ"सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझा कूलर घरी आला, नवा पंखा, नवा बॉल लावून. आभार मानायला गेले, तर काकाजी स्टुलावर चढून शटरवरचा बोर्ड रंगवत होते. लाल अक्षरं, थोडी वाकडी: "पुढच्या वर्षी मार्च महिना दुकान बंद राहील. आपापले कूलर फेब्रुवारीतच आणावेत."

खाली थोडी जागा उरली होती.

"कारण लिहू काय, मॅडम?"

"लिहा ना."

मला वाटलं भट्टी लिहितील, कॅनडा लिहितील. त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि सावकाश लिहिलं: "मुलीचा वाढदिवस आहे."