रखमाजी साळिंदराचा डोंगरी नायट्रोजन

एका जंगलात, बाळांनो, बहुतेक सगळ्यांकडे मोटारसायकली होत्या. कोणतं जंगल, ते विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथेच बंद करीन. मला दुसरी कामं आहेत.

तर बहुतेक सगळ्यांकडे मोटारसायकली होत्या. अस्वलाकडे होती, रानडुकराकडे होती, घोड्याकडेसुद्धा होती. पूर्वी त्या जंगलात नवरदेव घोड्यावर बसून लग्नाला जायचा. आता घोडाच फटफटीवरून वरातीत यायचा आणि नवरदेवाला सांगायचा, "तू तुझी गाडी आण."

गाड्या म्हटल्या की चाकं आली आणि चाकं म्हटली की हवा आली. हवा भरायचं आणि पंक्चर काढायचं काम वडाच्या झाडाखाली रखमाजी साळिंदर करायचा. सगळे त्याला तात्या म्हणत.

हसलात ना? मला माहीतच होतं. अंगभर काटे असलेल्याने पंक्चरचं दुकान काढायचं म्हणजे काय! पण रखमाजी दुकानात येताना पाठीवर जाड गोणपाट बांधायचा, सुतळीने करकचून आवळायचा. उन्हाळ्यात घामाने निथळायचा, तरी काढायचा नाही. "गिऱ्हाइकाच्या चाकाला माझा काटा लागला, तर त्या दिवशी दुकान बंद," असं तो म्हणायचा. वीस वर्षांत एकदाही लागला नव्हता.

हवा भरून झाली की तो बोटाने वॉल्व्हवर थोडी थुंकी लावायचा. बुडबुडा आला नाही की टोपण बसवायचा, अंगठ्याने चाक दाबायचा आणि म्हणायचा, "जा आता बिनघोर." पंक्चरची मूठभर बोरं घ्यायचा. हवेचं काही घ्यायचा नाही. "हवा काय माझ्या बापाची आहे?" म्हणायचा.

इथेच तो चुकला. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे कुणी नीट बघतसुद्धा नाही.

एके दिवशी दामोदर कोल्हा शहरातून परत आला. येताना त्याने माणसाएवढा उंच सिलिंडर आणला आणि रखमाजीच्या समोरच दुकान थाटलं. वर पाटी लावली : 'नायट्रोजन भरून मिळेल. साधी हवा मिसळल्यास गुण जाईल. आम्ही जबाबदार नाही.'

अस्वल पाटीपुढे उभं राहिलं. त्याने ती तीनदा वाचली.

"दामूशेठ, नायट्रोजन म्हणजे काय हो?"

"हवाच. पण चांगल्या घरची," कोल्हा म्हणाला. "साधी हवा काय, कुठूनही येते. रानडुकराच्या नाकातून बाहेर पडलेली असते. ती तुमच्या चाकात भरायची? तुमच्या?"

अस्वलाला आजवरच्या आयुष्याची लाज वाटली. त्याने तिथल्या तिथे दोन्ही चाकं रिकामी करून नायट्रोजन भरून घेतला. एका चाकाला एक टोपली बोरं पडली. कोल्ह्याने वॉल्व्हवर हिरवं टोपण बसवलं. नायट्रोजन आत आहे हे बाहेरून कळायला नको का? आतलं कोण बघतं!

जंगलात शाळा होती आणि शाळेत घुबड मास्तर होते. त्यांना राहवलं नाही. ते भर चौकात येऊन म्हणाले, "अरे, साध्या हवेतच शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन असतो. रखमाजी इतकी वर्षं तुमच्या चाकांत तोच भरतोय."

कोल्ह्याने हात जोडले. "मास्तर बोलले ते अगदी खरं. फक्त उरलेले बावीस भाग कशाचे, तेही त्यांनी सांगावं."

"बहुतेक सगळा प्राणवायू," मास्तर म्हणाले.

"ऐकलंत?" कोल्हा सगळ्यांकडे वळला. "तात्या तुमच्या चाकात काय घालतात, हे मी नाही म्हणालो. मास्तर म्हणाले."

झालं! प्राणवायू वाईट असतो ही बातमी संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे गेली. रानडुकराने तर दुसऱ्या दिवसापासून श्वासच अर्धा घ्यायला सुरुवात केली. दुपारी चक्कर येऊन आडवं पडलं. नायट्रोजन कमी पडला असेल, असं सगळे म्हणाले.

मग हिरव्या टोपणाची चढाओढ लागली. सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो हे विचारायचं राहिलं, टोपण कोणतं हे आधी विचारू लागले. माकडाकडे गाडी नव्हती, तर त्याने नुसतं टोपण घेतलं आणि गळ्यात बांधलं. काळ्या टोपणाची गाडी दिसली की हरणं आपल्या पाडसांना बाजूला ओढून घ्यायची.

रखमाजीच्या दुकानात कुणी फिरकेना. नाही म्हणायला एक गिऱ्हाईक रोज पहाटे यायचं. कोण, ओळखा बघू?

दामोदर कोल्हा!

"दामू, तुझ्याकडे अख्खा सिलिंडर आहे की," रखमाजी पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"तो गिऱ्हाइकांसाठी, तात्या. घरच्या गाडीला कशाला उगाच?" कोल्हा म्हणाला होता. हवा भरून झाल्यावर त्याने स्वतःच्या हाताने हिरवं टोपण लावलं आणि निघून गेला.

रखमाजीने हे कुणालाही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या चाकात काय आहे ते चारचौघांत बोलायचं नाही, असा त्याचा नियम होता. मला त्याचा रागच येतो. पण गोष्ट त्याची आहे, माझी नाही, म्हणून पुढे सांगतो.

त्या जंगलात रंगनाथ नावाचा एक ससा होता. त्याचं डोंगरापलीकडच्या कस्तुरावर प्रेम होतं. तीन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात, गाजरांच्या ढिगापाशी दोघांनी एकच गाजर उचललं होतं. तेव्हापासून तो दर बाजाराला जायचा आणि गाजरं न घेताच परत यायचा.

कस्तुराचे वडील भाऊसाहेब फार शिस्तीचे. त्यांच्या अंगणात घंगाळ ठेवलेलं होतं आणि त्यात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत असे. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मुहूर्ताची वाटी बुडेपर्यंत नवरदेव दारात आला नाही, तर त्याने आल्या पावली परत जायचं. आधीचे दोन नवरदेव असेच गेले होते. एक तर फक्त मांडवाच्या कमानीपाशी फेटा सारखा करायला थांबला होता.

रंगनाथलाही भाऊसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "ही तिसरी वेळ. आता हुकलं तर मी पोरीच्या लग्नाचं नावच काढणार नाही."

लग्नाच्या दिवशी वरात वेळेवर निघाली. सगळ्यांत पुढे रंगनाथची मोटारसायकल, झेंडूच्या माळा लावलेली, दोन्ही चाकांना हिरवी टोपणं. मागे अस्वल, रानडुक्कर, घोडा आणि कोल्हा आपापल्या गाड्यांवर, आणि घुबड मास्तर घोड्याच्या मागे बसलेले. सगळ्यांत शेवटी सायकलवर रखमाजी. लग्नाला जायचं म्हणून त्याने गोणपाट धुऊन बांधलं होतं. हवेचा पंप आणि ठिगळांची पिशवी सवयीने बरोबर घेतली होती.

बरोबर अर्ध्या घाटात रंगनाथच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. चाक फुस्स करून बसलं. काट्याला टोपणाचा रंग कळत नाही, बाळांनो. तो अडाणी असतो.

रखमाजी सायकल टाकून पुढे धावला. काटा उपसला, ट्यूब बाहेर काढली, ठिगळ लावलं, टायर बसवलं. मग पंपाची नळी वॉल्व्हला लावणार, इतक्यात अस्वल ओरडलं, "तात्या, काय करताय? साधी हवा!"

"मग दुसरी कुठली भरू?"

"पुढच्या चाकात नायट्रोजन आणि मागच्या चाकात साधी हवा? गाडी मधोमध मोडेल!" रानडुक्कर म्हणालं.

"नवरदेवाला कुणाच्या तरी गाडीवर मागे बसवा," मास्तर म्हणाले.

"आणि मुलीकडच्यांनी विचारलं, नवरदेवाची गाडी कुठे आहे, तर?" घोडा म्हणाला. "आमच्या जंगलाची काही अब्रू आहे की नाही?"

सगळे कोल्ह्याकडे बघू लागले. सिलिंडर दुकानात होता. दुकानापर्यंत जाऊन यायला एक तास लागला असता. भाऊसाहेबांच्या अंगणात मुहूर्ताची वाटी एव्हाना पाण्यावर ठेवलेली असणार.

"दामूशेठ, तुम्ही सांगा," रंगनाथ म्हणाला. त्याचे कान खाली पडले होते. "एकदाच साधी हवा भरली तर चालेल?"

रखमाजीनेही कोल्ह्याकडे बघितलं. कोल्ह्याच्या दोन्ही चाकांत त्याच पंपाची, त्याच पहाटेची हवा होती. एक शब्द पुरे होता.

कोल्ह्याने घसा खाकरला. "पाटीवर लिहिलेलंच आहे," तो म्हणाला आणि डोंगराचा माथा बघू लागला.

रंगनाथ रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि रडायला लागला. "तीन वर्षं, तात्या," एवढंच तो म्हणाला.

रखमाजीला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कोल्ह्याचा आला, अस्वलाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आयुष्यभर तो खरं बोलला होता आणि आज त्या खऱ्याने एक पंपभर हवासुद्धा चाकात जात नव्हती.

तो उठला. बाजूच्या पळसाची चार मोठी हिरवी पानं तोडली. ती पंपाभोवती गुंडाळली आणि स्वतःच्या गोणपाटाची सुतळी सोडून घट्ट बांधली. गोणपाट खाली पडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा जंगलाने त्याचे काटे पाहिले. सगळे दोन पावलं मागे सरले.

"नीट ऐका," रखमाजी म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण लोकांना तो भारदस्त वाटला. "ही साधी हवा नाही. हा डोंगरी नायट्रोजन आहे. कड्यावरून खाली उतरतो तो. शहरातल्या सिलिंडरात मावत नाही, म्हणून शहरात मिळत नाही. मी आजवर कुणाला दिला नाही."

"का नाही दिलात?" अस्वलाने विचारलं.

"तुमची गाडी त्या योग्यतेची नव्हती."

अस्वलाने मान डोलावली. त्याला ते लगेच पटलं.

रखमाजीने पंप मारला. चाक टणक झालं. त्याने वॉल्व्हवर थुंकी लावली. बुडबुडा आला नाही. हिरवं टोपण परत बसवलं, अंगठ्याने चाक दाबलं आणि हळूच म्हणाला, "जा आता बिनघोर."

रंगनाथ सुसाट सुटला. भाऊसाहेबांच्या दारात त्याने ब्रेक मारला तेव्हा वाटीच्या काठाला पाणी लागलं होतं. तो अंगणात उतरला आणि वाटी बुडाली. कस्तुराने हार घातला तेव्हा दोघंही रडत होते. इतकं चांगलं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही.

रखमाजीला मात्र जेवण गेलं नाही. पंगतीत पाचवी जिलबी खाताना अस्वल सांगत होतं, "डोंगरी नायट्रोजनवर गाडी रस्त्याला टेकतच नव्हती. मी डोळ्यांनी बघितलं." रखमाजीने पानावरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, तर वडापासून ओढ्यापर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात दोन दोन टोपल्या बोरं.

रखमाजीने ठरवलं, आता बस. तो ओट्यावर चढला आणि म्हणाला, "मंडळी, मी काल खोटं बोललो. पोराचं लग्न मोडत होतं म्हणून बोललो. डोंगरी नायट्रोजन असं काही नसतं. ती साधी हवा होती. फुकट आहे, ज्याला हवी त्याने भरून घ्या. बोरं घरी न्या."

 मग अस्वलाने डोळा मारला.

"समजलं, तात्या. मोठ्याने बोलायचं नाही ना?"

"अहो, खरंच साधी आहे!"

"हो हो, साधी," रानडुक्कर हसत म्हणालं आणि मागच्याला कोपर मारलं. "मागे सांगा रे, आजपासून तिला साधी म्हणायचं. दामूशेठ टपून बसलाय."

रखमाजीने शपथ घेतली. रांग वाढली. त्याने मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी अठ्ठ्याहत्तर भागांचा हिशोब पुन्हा समजावून सांगितला. रांग ओढ्यापलीकडे गेली. प्रत्येकजण हवा भरून घ्यायचा, बळजबरीने टोपल्या ठेवायचा आणि जाताना शेजारच्या पळसाचं एक पान कपाळाला लावायचा.

रांगेच्या अगदी शेवटी कोल्हा उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा सगळे निघून गेले होते. त्याने चार टोपल्या खाली ठेवल्या.

"तात्या, माझ्याही दोन्ही चाकांत भरा."

रखमाजीने पंपाची नळी उचलली. "भरतो की. रोजचीच आहे. पहाटे आला असतास तर फुकट झाली असती."

कोल्ह्याने इकडे तिकडे बघितलं. मग तो अगदी जवळ आला. गोणपाटाखालच्या काट्यांचीही त्याला पर्वा राहिली नव्हती.

"मला नका फसवू, तात्या," तो गयावया करत म्हणाला. "पहाटेची ती साधी होती. मला ती घाटातली पाहिजे."

रखमाजीने नळी खाली ठेवली. मग पळसाचं एक पान तोडून पंपाला बांधलं आणि हवा भरायला सुरुवात केली.

तात्पर्य : खरं नेहमी मोठ्याने, चारचौघांत आणि शपथेवर सांगावं. त्याने धंदा दुप्पट चालतो. उरलेल्या टोपल्या ठेवायला जागा लागते, तेवढी आधीच करून ठेवावी.