वजनावर आजीव सभासद

वाचनालयाचं वेबपान बाईंनी स्वतः बनवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मुलीनं कपाळाला हात लावला. मुलगी एका कंपनीत वेबपानंच बनवायची. आईनं नुसता शब्द टाकला असता, तरी तिनं एका रविवारी बसून काम उरकून दिलं असतं. पण बाई सव्वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. जगातली कुठलीही गोष्ट पुस्तकातून शिकता येते, असं त्या सभासदांना सांगत आल्या होत्या. आता माघार कशी घेणार? त्यांनी तंत्रज्ञानाच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि पंधरा दिवसांत पान उभं केलं.

"आई, हे पुस्तक माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे गं!"

"मग मान ठेव त्याचा."

"सगळी मांडणी टेबलात केलीस? टेबलात मांडणी आता कोणी करत नाही."

"तुझा सगळा अभ्यास टेबलावरच झाला."

"आणि ही सरकती पट्टी? तिचा कोड कधीच मोडीत निघाला."

"सरकतेय ना? मग निघाला कुठे मोडीत?"

"आणि खाली तुझ्या नावापुढे हे ‘वेबमास्टर’? असं आता कोणी म्हणत नाही, आई."

"मी म्हणते."

सूचनांची प्रत्येक ओळ बाईंनी वेगळ्या चौकटीत, पट्टीनं आखल्यासारखी बसवली होती. डावीकडून दोनशे ठिपके, वरून तीनशे. खालची ओळ तीनशे चाळीसवर. मुलीनं ते पाहिलं आणि डोळे मिटले. "असं खिळे ठोकल्यासारखं ठेवायचं नसतं. फोनवर कसं दिसतं ते तरी बघ."

"फोन बोलायला असतो," बाई म्हणाल्या. त्यांचा फोन बटणांचा होता.

सोमवारी पान जगासमोर आलं. वाचनालयाच्या संगणकावर ते देखणं दिसत होतं. पिवळ्या चौकटीत ठळक ‘आजीव सभासद’, त्याखाली ‘यांचा सत्कार लवकरच’. त्याखाली दुसरी सूचना: ‘मासिके’, आणि शेवटी ‘जुनी व जीर्ण. शनिवारी पाच वाजता वजनावर दिली जातील. पिशवी आपली आणावी.’

फोननं मात्र आपल्या मनानं अक्षरं मोठी केली. वरची पिवळी चौकट पुरीसारखी फुगली आणि सत्कार व मासिके या दोन्ही ओळी तिच्याखाली गाडल्या गेल्या. उरलं ते एवढंच: आजीव सभासद. जुनी व जीर्ण. शनिवारी पाच वाजता वजनावर दिली जातील.

पहिला फोन वकीलसाहेबांचा आला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी आवाज अजून कोर्टातलाच होता. "बाई, मला जीर्ण म्हणता? लेखी खुलासा हवा!" दुसरा फोन शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मास्तरांचा. "सभासद पुल्लिंगी आहे. ‘जुनी’ नव्हे, ‘जुने’. बाकी माझी तक्रार नाही." दुपारी कोपऱ्यावरचा रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा राहिला.

"बाई, माल किती आहे?"

"बासष्ट," बाई बोलून गेल्या. त्यांच्या डोक्यात तेव्हा सभासदच होते.

"किलो?"

"माणसं!"

रद्दीवाला तराजू उचलून गेला.

मुलीनं ऑफिसातून फोन केला. "दहा मिनिटांत नीट करून देते, आई."

"माझी चूक मीच निस्तरणार," असं म्हणून बाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. त्यांनी पानाच्या माथ्यावर खुलासा टाकला: ‘आजीव सभासद विकाऊ नाहीत’. ‘नाहीत’ नजरेत भरावं म्हणून तो शब्द लाल रंगात, वेगळ्या चौकटीत ठेवला. शेजारी पान किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा होता. फोनवर तोही फुगला आणि नेमका ‘नाहीत’वर जाऊन बसला.

‘आजीव सभासद विकाऊ ४१२’.

"आता भावही लावलात!" वकीलसाहेब फोनवर गरजले. "आणि तो सुद्धा इतका कमी!"

शनिवारी पाचला वाचनालयाचा हॉल खचाखच भरला. बासष्टपैकी अठ्ठावन्न जाब विचारायला आले होते. दोघे काठी टेकत, एक आजी व्हीलचेअरमध्ये. समोर वाचनालयाचे अध्यक्ष लालबुंद होऊन बसले होते.

"बाई, सगळ्यांसमोर माफी मागा. आणि ते पान काढून टाका."

मागच्या बाकावर मुलगी बसली होती. बाई उठल्या. त्यांनी नोंदवही छातीशी धरली.

"दोन ओळी झाकल्या गेल्या, त्याबद्दल माफी मागते. पान मात्र काढणार नाही. मी ते शिकून केलंय, कुणाकडून मागून आणलेलं नाही. आता मला एक सांगा. वकीलसाहेब, या दारातून तुम्ही शेवटचे कधी आत आलात?"

वकीलसाहेब छताकडे पाहू लागले.

"नऊ वर्षांपूर्वी. एक पुस्तक नेलंत, ते अजून तुमच्याकडेच आहे. मास्तर, तुम्ही सहा वर्षांपूर्वी. मी रोज दहाला दार उघडते आणि सात जणांसाठी दिवसभर बसते. वजनावर काढलं म्हणून रागावलात, पण कपाटात बंद पडलेल्या पुस्तकांत आणि तुमच्यात मला तरी फरक दिसत नाही!"

मग व्हीलचेअरमधल्या आजी म्हणाल्या, "मोठ्या अक्षरातलं काही आहे का गं?"

त्या संध्याकाळी एकशे सहा पुस्तकं वाचायला गेली. वकीलसाहेब कपाटामागे तासभर हरवले होते.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांच्या हुकमावरून मुलीनं नवं पान केलं. स्वच्छ, शांत, कुठल्याही फोनवर नेटकं. बाईंनी फक्त ‘वेबमास्टर’ला हात लावू दिला नाही. महिनाभर एकही तक्रार आली नाही. हळूहळू माणसंही येईनाशी झाली.

मग एका सोमवारी अध्यक्ष बाईंच्या टेबलाशी येऊन घुटमळले.

"पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. गणसंख्येपुरती माणसंही जमत नाहीत बघा." त्यांनी घसा खाकरला. "तुमच्या पद्धतीनं एखादी सूचना लावता येईल का?"

बाईंनी मान वर केली नाही. "लावते. पण वजनावर कोणाला काढू?"

अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाले,

"मलाच काढा."