धर्माकाकांची जपानी गिटार

धर्माकाका कडूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत एका गिटारच्या पोटात होता. जिन्याच्या मधल्या चौकात चटई अंथरलेली, तिच्यावर ती तपकिरी, फुगीर गिटार उताणी पडलेली, आणि काका तिच्या पोटावरच्या फटीतून एकेक वायर बाहेर ओढत होते. शेजारी ताटलीत स्क्रू. आम्ही त्याच दिवशी नवीन पनवेलच्या त्या इमारतीत राहायला येत होतो. माझ्या हातात देवांची पेटी, मागे दोन हमाल फ्रीज उचलून उभे, आणि हा गृहस्थ मान वर न करता म्हणाला, "जरा बाजूनं जावा म्याडम. आपरेशन चालू हाय."

मला धक्का बसला. तसा मला तो लवकर बसतो. आमचे हे म्हणतात, हिला धक्का बसायला पोस्टमनने बेल वाजवली तरी पुरते. पण धर्माकाकांच्या शेजारात काही वर्षं काढल्यावर मी छातीठोकपणे सांगते, माझ्या जागी दगड असता तरी दचकला असता.

काका जासईकडच्या एका कंटेनर यार्डात मेकॅनिक होते. डबे उचलणाऱ्या त्या अवजड गाड्यांची देखभाल त्यांच्याकडे. तिथला नियम असा, की पार्ट तुटायची वाट बघायची नाही. त्याचे दिवस भरले की धडधाकट असला तरी काढायचा, त्याला टॅग बांधायचा आणि नवा बसवायचा. हा नियम यार्डापुरता राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण काका तो घरी घेऊन यायचे. "थोडा सुदारून ठेवतो," असं ते म्हणाले की समोरच्याने आपली वस्तू पदराआड घ्यावी. मी नवखी होते, मिक्सर दिला. त्यांनी तो इतका सुधारला की त्याला पहिला आणि दुसरा वेग उरलाच नाही. बटण दाबलं की थेट तिसरा. आमच्या स्वयंपाकघराच्या छताला खोबऱ्याच्या चटणीचे डाग होते ते त्या सुधारणेचे.

गिटार मात्र त्यांची लाडकी. ती साधी नव्हे, बेस गिटार. चार जाड तारा आणि घोगरा, खालचा आवाज. गाण्यात ती चालू असते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, आणि थांबली की गाणं एकदम लंगडं वाटतं. तरुणपणी काका गावच्या ऑर्केस्ट्रात होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने ती जपानहून आणून दिली होती. आतून पूर्ण पोकळ. टिचकी मारली तर पिंपासारखी घुमायची.

एकदा मुंबईहून माझ्या धाकट्या दिरांचे एक स्नेही आले. जुनी वाद्यं गोळा करण्याचा त्यांना नाद. गिटार बघून त्यांनी चक्क हात जोडले. "काका, अशा आता मिळत नाहीत. एक विनंती करतो. हिचा एक स्क्रूसुद्धा बदलू नका. आहे तशी राहू द्या."

काकांनी अत्यंत आदराने ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला, खालपर्यंत सोडायला गेले. वर आले आणि ड्रिल मशीन काढलं.

मी दारातच उभी होते. ड्रिलचं टोक त्या चाळीस वर्षांच्या लाकडात शिरलं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. काकांनी मशीन थांबवून विचारलं, "तुमाला लागलं काय?"

त्यानंतर दोन वर्षं हेच. तारा पिळायच्या खुंट्या गेल्या, नव्या आल्या. तारा ज्यावर टेकतात ती पट्टी गेली, पितळेची आली. तारांचा आवाज पकडणारी चुंबकं एकदा बदलली, दोनदा बदलली, तिसऱ्यांदा बदलली. गोल तारा काढून चपट्या घातल्या. काढलेल्या प्रत्येक भागाला यार्डातला टॅग बांधून, त्यावर 'सेवा समाप्त' असं लिहून ते तो भाग बिस्किटांच्या डब्यात ठेवत. मी एकदा म्हटलं, "काका, आता हिच्यात जपानचं काय उरलं?" ते विचार करून म्हणाले, "पोकली."

या सगळ्या काळात यमुनाकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एक अक्षर बोलत नसत. मी वाटी परत द्यायला गेले तर मान हलवायच्या, हसायच्या, दार लावून घ्यायच्या. नवऱ्याला बोलवायचं तर टाळी वाजवायच्या. मी मनात म्हणायची, बरोबर आहे, असा नवरा असल्यावर माणसाने बोलायचं तरी काय? हे मी हसत हसत चार जणींना सांगितलंही. आज त्याची लाज वाटते.

मग एका रविवारी दुपारी इमारतीत भोंगा वाजला. न्हावा शेव्याला लागलेलं जहाज रस्ता चुकून आमच्या पार्किंगमध्ये शिरलंय, असाच आवाज. मांडणीवरचे पेले थरथरत कडेपर्यंत आले आणि त्यातले दोन खाली पडले. तळमजल्यावरचे सेक्रेटरी बनियनवर वर धावले. काका गिटार पोटाशी धरून शांत उभे. म्हणाले, "काय नाय. पोकल हाय ना, स्पीकरचा आवाज पोटात घेते आन् बोंबलते. थोडा सुदारून ठेवतो."

सुधारणा म्हणजे त्यांनी स्वतःच्या सोफ्याच्या उशा फाडल्या आणि त्यातला स्पंज त्या फटींतून गिटारच्या पोटात कोंबला. एक मांजर आत मावलं असतं इतका. बोंब थांबली. सोफ्यावर मात्र त्यानंतर जो पाहुणा बसे तो थेट फळीवर आदळे.

मला वाटलं, या सगळ्यामागचं कारण आता मला कळलं. त्यांच्या मुलीचं, सुजाताचं लग्न ठरलं होतं. आमच्या भागात हळदीला काय चालतं ते सांगायला नको. ट्रकभर डीजेचे डबे येतात, आणि पळस्प्यापर्यंत ऐकू गेलं नाही तर लोक विचारतात, हळद झाली की नाही? मी ह्यांना म्हटलं, "बघा, धर्माकाका त्या डीजेशी टक्कर घेणार. एका गिटारने." त्या दिवशी आपल्याला दुसरीकडे काम आहे असं हे आधीच सांगून मोकळे झाले. मी एकटीच गेले.

मांडव त्यांच्या गावच्या घरापुढे होता. सकाळची वेळ. एका कोपऱ्यात पोरं डीजेचे डबे एकावर एक रचत होती, मधोमध पाट, पाटावर सुजाता, आणि भोवती नऊवारीतल्या बायका धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणायला बसलेल्या. आगरी लग्नात धवला म्हणणारी बाई, धवलारीण, हीच भटजी. ती गाते आणि विधी पुढे सरकतात. त्या बायकांच्या पुढ्यात यमुनाकाकी बसलेल्या पाहून मी शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, "या का मधे?"

"अगो, ती गावाची धवलारीन," ती बाई म्हणाली. "दीडशे लग्नं लावली असतील तिनं. दोन वर्सांआदी गल्याचं आपरेशन झालं तवापास्नं गाना बंद. बोलना पन बंद. आवाज पुरुषावानी झाला ना, लाजते. आज मोठी आत्या म्हननार."

माझ्या हातातला सरबताचा पेला तसाच राहिला.

तेवढ्यात धर्माकाका आले. नवं धोतर, आणि गळ्यात ती गिटार. एक छोटा स्पीकर त्यांनी पत्नीच्या मागे ठेवला, एक माइक तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः तिच्या बाजूला मांडी घालून बसले. मोठ्या आत्या, काकांच्या थोरल्या बहीण, ताडकन उठल्या.

"धर्मा, येडा झालास काय? धवल्याला कंदी बाजा लागलाय? देव येतील काय असल्यान?"

"बाजा नाय आत्या," काका म्हणाले. आत्याच म्हणत होते, पोरं म्हणतात म्हणून. "हिचा आवाज खाली गेलाय. खाली गेला की थरथरतो, घसरतो. त्याला खालनं हात पायजे. दोन वर्सं मी त्याच सुराला गिटार बसवतोय. मोठा आवाज नको होता मना. खाली पायजे होता, आन् हिच्या माइकशेजारी बोंबलायला नको होता. पोरीचं लगीन हाय. आयशीनं नाय म्हटला तर कोनी म्हनायचा?"

आत्या उभ्याच राहिल्या.

काकांनी तार छेडली. एकच. तो आवाज कानाला आधी कळलाच नाही, बसल्या जागी जमिनीतून कळला. यमुनाकाकींनी डोळे मिटले. पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. काका वाजवत राहिले. डीजेवाली पोरंही वायरी हातात धरून उभी. इतका वेळ गेला की मला वाटलं आता हे जमत नाही, आता मी बघू नये.

आणि त्या गायल्या. खोल, खरबरीत, विहिरीतून यावा तसा आवाज. पहिल्या ओळीत त्यांनी कुलदैवताला मांडवात बोलावलं. आवाज थरथरला, घसरायला लागला, आणि खालच्या सुरावर टेकून पुन्हा उभा राहिला. दुसरी ओळ सरळ आली. ओळ परत म्हणायची ती साथीच्या बायकांनी. पण इतक्या खाली त्या कधी गायल्याच नव्हत्या. क्षणभर कुणालाच उचलता येईना. मग उभ्या असलेल्या मोठ्या आत्यांनी आपला आवाज खाली, अगदी खाली आणला आणि ओळ उचलली. मग बाकीच्यांनी. सुजाता पाटावर बसून हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती, सगळा चेहरा पिवळा. मी तर हुंदके देऊन रडत होते, सांगायला लाज कसली?

पण खरा धक्का मला नंतर बसला. पाऊण तास धवला चालला आणि काकांनी त्यात दुसरा सूर वाजवलाच नाही. एक तार, एक सूर. जेवणाच्या पंगतीत मी न राहवून म्हटलं, "काका, दोन वर्षं, ते एवढे सगळे पार्ट... आणि एकच सूर?"

"तिला येवढाच पायजे," ते म्हणाले आणि माझ्या पानात वडा वाढून पुढे गेले.

लग्न होऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी डबे भरत होते आणि जिन्यात कुणीतरी जोरजोरात भांडायला लागलं. जाडा, खर्जातला आवाज, सगळ्या मजल्यांवर पोचेल असा. मला वाटलं कुणी ट्रकवाला वर आलाय. मी दार उघडलं. बाहेर धर्माकाका मासळीची पिशवी घेऊन उभे, त्यांचं दार सताड उघडं, आणि आतून यमुनाकाकी कडाडत होत्या.

"हे बोंबील हायत? तुमाला डोले हायत का नाय? कोलनीनं शिले गल्यात मारले आन् तुमी हसत हसत घेतले! नाक कुठं ठेवलं होतं?"

वरच्या मजल्यावरून दोन माणसं कठड्यावरून वाकून बघत होती. मी घाईघाईने म्हटलं, "काका, आत जा ना. दार लावून घ्या, सगळी बिल्डिंग ऐकतेय."

काकांचे डोळे पाण्याने भरले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आयकू द्या म्याडम," ते हळूच म्हणाले. "आत गेलो तर ती थांबल."