पाठमोऱ्या मयेकर बाई

आमच्या शाळेच्या मयेकर बाई माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. तोंड समोर आलं की त्या गोंधळतात. परवा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एक बाई लेकराला कडेवर घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "बाई, ओळखलंत?" मयेकर बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "वळ बघू." ती भर स्टँडवर, पावसच्या गाडीची घोषणा चालू असताना, लेकरासकट पाठमोरी झाली.

"अगो, तू ती दोन भोवऱ्यांची! एकीकडून विंचरलं की दुसरीकडून उभे राहायचे तुझे केस!"

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेजारी उभी होते. सहावी ते आठवी मी तिला मराठी शिकवलं होतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही पण शाळेतच का?"

हे मी कौतुकाने सांगतेय असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. मयेकर बाईंचा मी अकरा वर्षं हेवा केला आहे, आणि तो मनापासून केला आहे.

बाई शिवणकामाच्या. पण स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, दहावीचा निरोप असं काही आलं की शिवणाचा वर्ग आठ दिवस आधीपासून केसांचा वर्ग होतो. कोणी काय नेसायचं हे मुली ठरवतात. केस कसे घालायचे ते बाई ठरवतात. मुली रांगेने येतात. बाई म्हणतात, "पाठ कर." मग मानेकडे बघतात, केसांचा शेपटा तळहातावर घेऊन भाजीवाली वांगं जोखते तसा जोखतात आणि निकाल देतात. "तुला अंबाडा नाही. मान आखूड आहे. दोन वेण्या, कानामागून." किंवा, "कपाळ मोठं आहे ते झाकू नको. शहाणी दिसतेस, तेवढा फायदा घे."

एखादी मोबाईल पुढे करते. "बाई, मला असं हवंय."

"ही मुलगी तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"मग तिचे केस तुला कशाला?"

वेणी घालताना बाईंच्या ओठांत पाच-सहा काळे आकडे धरलेले असतात, त्यामुळे त्या नुसतं "हं म्हं हं" बोलतात. नवख्या माणसाला वाटेल बाईंचे दात दुखताहेत. मुलींना मात्र सगळं कळतं. "हं म्हं" म्हणजे मान खाली. "म्हं हं हं" म्हणजे रिबीन दे. मी वर्गात खणखणीत आवाजात समास समजावते, तो अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून जातो.

बाईंचे नियम दोन. पहिला, आरसा मागायचा नाही. "आरसा कार्यक्रम झाल्यावर. आधी बघितलंत तर मान वाकडी होते. मान सरळ ठेवा, केस आपोआप बरे दिसतात." दुसरा, घरून घालून आणलेली वेणी त्या सोडत नाहीत. कितीही वाकडी असो, कितीही रडा. "दुसऱ्याचं काम मी निस्तरत नाही," म्हणून मोकळ्या होतात. मला यात भारी गर्व दिसायचा. स्टाफरूममध्ये मी तसं दोनदा बोललेही आहे.

खरं दुखणं वेगळंच होतं. मुलगी पाठमोरी बसली की बोलते, आणि ते सगळं बोलणं मयेकर बाईंकडे जायचं. एका वर्षी मी नववीची वर्गशिक्षिका होते. बाईंनी मला जिन्यात गाठलं. "गुरव बाई, तुमच्या वर्गातल्या त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीची आई घरी नाहीये."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"केसांनी. आठ दिवस तेल नाही, आणि भांग तिचा तिनेच पाडलेला आहे."

खरंच तिची आई मुंबईला दवाखान्यात होती. मी रोज तिची हजेरी घेत होते.

एवढ्या सगळ्यात माझं समाधान एकच होतं. मयेकर बाईंची स्वतःची वेणी कायम वाकडी असायची. डावीकडे सुटायची, मध्येच फुगायची, आणि शेवटी रिबीन नव्हे तर शिवणाचा दोरा. "दिव्याखाली अंधार," मी चहा पिताना म्हणायचे. बाकीच्या हसायच्या. त्या हसल्या की मला चहा गोड लागायचा.

मी पालीच्या पुढच्या एका वाडीतली. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली, आणि त्यासाठी ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावं मला पाठ आहेत. आई पहाटे लावणीला जायची. जाण्याआधी खोबरेल थापून दोन वेण्या अशा करकचून घालायची की मला दिवसभर भुवया खाली आणता येत नसत. दिवसभर सुटता कामा नये, एवढाच तिचा हिशेब. मला वेणी घालायची ती एकच रीत येते. माझी मुलगी तन्वी लहानपणापासून ओरडते, "आई, ओढतेस!" पाचवीत आमच्या शाळेत आल्यावर तिला मयेकर बाईंचा हात लागला आणि ती माझ्यापुढे बसायचीच बंद झाली. दर समारंभाला सकाळी केस मोकळे सोडून शाळेत जायची. मी डबा भरत राहायचे.

यंदा तन्वी दहावीला. निरोप समारंभात मुलींच्या वतीने भाषण तिचं. मयेकर बाईंची निवृत्तीही त्याच महिन्यात, म्हणून मुख्याध्यापकांनी एकाच मांडवात दोन्ही निरोप उरकायचं ठरवलं. आठ दिवस आधी बाईंनी मला सांगितलं, "तन्वीला सैल वेणी, पाठीवर सरळ. खांद्यावरून पुढे नको. बोलताना तिचा हात केसांकडे जातो."

मी तिची आई. हात केसांकडे जातो हे मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मी ठरवलं.

"तन्वी, या वेळी वेणी मी घालणार."

"आई, शेवटचंच आहे गं. नंतर बाई नसणार शाळेत."

"मी आहे ना?"

समारंभाच्या दिवशी सकाळी साडेसहाला ती साडी नेसून माझ्यापुढे बसली. मी सैल घालायची म्हणून फार प्रयत्न केला. पण हात आईचे. वेणी झाली तेव्हा तन्वीच्या भुवया वर चढल्या होत्या. त्या चेहऱ्याने ती भाषण करायला उभी राहिली असती तर शाळा सुटल्याचं तिलाच आश्चर्य वाटतंय असं पाहुण्यांना वाटलं असतं. शिवाय वेणी डावीकडे कलली होती. "छान झालीय," मी म्हणाले. "हो," ती म्हणाली.

शाळेत पोचताच ती शिवणाच्या वर्गात शिरली. मी पाच मिनिटं धीर धरला. मग डस्टर शोधायच्या माझ्या नेहमीच्या निमित्ताने त्या वर्गाच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. बाकीच्या मुली मांडवात गेल्या होत्या. तन्वी स्टुलावर पाठमोरी बसली होती. आता माझी वेणी सुटणार, या विचाराने माझे कान तापले.

"कोणी घातली?" बाईंनी विचारलं.

"आईने."

"मग मी नाही हात लावणार."

"बाई, प्लीज! वाकडी झालीय. आणि इथे ओढतेय."

"असू दे. घरून आलेली वेणी मी सोडत नाही, ठाऊक आहे ना?"

"दुसऱ्याचं काम निस्तरायचं नाही म्हणून ना?"

"ते चारचौघांत म्हणायला, बाय माझी. ज्या पोरीला घरात कोणी समोर बसवून घेतं, तिची वेणी मी कशाला सोडू? माझी रांग आहे ती बाकीच्यांसाठी." मग आवाज खाली आला. "कानामागे जरा सैल करते. आईला सांगू नको. तिने पहाटे उठून घातलीय."

कंगव्याच्या टोकाने त्यांनी दोन्हीकडे जेमतेम एकेक बट सैल केली. तन्वीच्या भुवया खाली आल्या. ती मागच्या दाराने मांडवाकडे पळाली.

मला निघून जायला हवं होतं. पण बाईंनी आपली वेणी सोडली होती आणि भिंतीकडे तोंड करून अंबाडा घालायला हात वर नेला होता. उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी तो खाली घेतला, डाव्या हाताने चोळला, पुन्हा वर नेला. पुन्हा थांबला.

"गुरव बाई," वळून न बघता त्या म्हणाल्या, "डस्टर इथे नाहीये. आत या."

मी आत गेले.

"आज खांदा वर जाईना. एरवी कशीबशी घालते. मागे काय होतं ते मला दिसत नाही, आणि तुम्ही सगळ्या हसता म्हणजे बरं होत नसणार." त्या स्टुलावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून. "आई होती तोवर तीच घालायची. पन्नाशी उलटली होती माझी, तरी रोज सकाळी हाक. दापोलीच्या घरी होतो तेव्हाही आणि इथे बदलून आल्यावरही. ती गेल्यापासून या डोक्याला दुसरा हात नाही."

मी कंगवा उचलला. केस पातळ होते, निम्मे पांढरे. टाळूवर दोन भोवरे होते.

"बाई, तुम्हालाही दोन?"

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणतात. एक तरी करून बघायला हवं होतं."

मी हसले आणि मग मला हसता येईना. आकडे कुठे ठेवावेत कळेना म्हणून मी ते ओठांत धरले. हात आपोआप करकचून आवळायला निघाले.

"ओढू नको हां, बाय," त्या हळूच म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी सैल हाताने केस धरले. अंबाडा झाला, तोही डावीकडे कललेलाच. त्यावर मी अबोलीचा वळेसर माळला.

"आरसा देऊ?"

"आरसा कार्यक्रम झाल्यावर."

तन्वी छान बोलली. हात दोनदा केसांकडे गेला, दोन्ही वेळा परत आला. मग मयेकर बाईंना शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण. बाई तासभर मान सरळ ठेवून बसल्या होत्या. माझा अंबाडा हलला नाही. कार्यक्रम संपल्यावर मी पर्समधून आरसा काढला, तर त्या गर्दीत दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला स्टाफरूममध्ये आल्या. अंबाडा तोच होता. एका बाजूने चपटा झालेला, आणि अबोली सुकून चिकटलेली.

"बाई, सोडला नाहीत?"

"घातलेली वेणी मी सोडत नाही," त्या म्हणाल्या. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. निघाल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत विचारलं, "तुम्हाला मोकळा तास कितवा?"

"आत्ताच आहे," मी म्हणाले. नव्हता. सातवीचा वर्ग वर वाट बघत होता.

मी त्यांच्या अंबाड्यातले आकडे एकेक करून काढले आणि ओठांत धरले. मान जरा खाली घ्या, असं मला म्हणायचं होतं. "हं म्हं" एवढंच उमटलं.

बाईंनी मान खाली घेतली.