पावडर मी निवडली

तुमच्या फ्रिजमधल्या दह्याच्या डब्यात दहीच असतं का हो? खरं सांगा, इथे दुसरं कोणी ऐकत नाहीये. असेल, तर तुम्ही मला हसाल. नसेल, तर तुम्ही माझ्याच पंगतीतल्या, आणि मग मी हे तुम्हाला मोकळेपणाने सांगू शकते.

मी अहिल्या. मूळची कऱ्हाडची, बारावी पास, आणि गेली तेवीस वर्षं टेक्सासमधल्या प्लेनोत. आमच्या घरात सगळं माझे यजमान, प्रताप, निवडतात. गाडी, सोफा, फोनचा प्लॅन, मुलीचं, सियाचं, कॉलेजसुद्धा. मी भाजी निवडते. (तीही आणली की ते विचारतात, "ही कालचीच का गं?")

शेजारी डेल नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ राहतात. सिया लहानपणी त्यांना काका म्हणायला लागली, तेव्हापासून ते आमचे डेलकाका. 'काका' ही आपल्याकडची कॅप्टनसारखी पदवी आहे असं त्यांना वाटतं, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी मला बायकांच्या नेमबाजीच्या क्लासला नेलं. दर मंगळवारी सकाळी असतो. मी नको नको म्हणत गेले, पिस्तूल हातात घेतलं, आणि पाच गोळ्या मधल्या वर्तुळात! कऱ्हाडला जत्रेत मी छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचे. बारापैकी बारा. मला येताना पाहिलं की फुगेवाला फुगे काढायला लागायचा. तो हात तेवीस वर्षं पोळ्या लाटूनही बिघडला नव्हता!

पण मला खरं वेड लागलं ते जमिनीवर पडलेल्या पितळेचं. गोळी सुटते आणि तिची पितळेची नळी बाजूला उडून पडते. चकचकीत, धडधाकट. बाकीच्या बायका त्यावरून चालत जायच्या. मी म्हटलं, अहो, पितळ! मी ओच्यात गोळा करायला लागले. (ओचा नव्हता. टीशर्टाचा घोळ होता.)

डेलकाका हसले. म्हणाले, "मिस अहिल्या, त्या नळ्या परत भरता येतात. मी चाळीस वर्षं गॅरेजमध्ये तेच करतो."

वापरलेली वस्तू धुऊन पुसून परत भरायची! मला वाटलं, हा खेळ कोणीतरी आमच्या घरासाठीच शोधून काढलाय. नळी स्वच्छ करायची, बुडाला टिकली बसवायची, मापाने पावडर घालायची, वर नवी गोळी बसवायची. तीन आठवड्यांनी बायकांची मॅच होती. मी जाहीर केलं की मी माझ्या हाताने भरलेल्या गोळ्यांनीच खेळणार.

"चालेल," डेलकाका म्हणाले. "मशीन माझं, टेबल माझं. पण पावडर तू निवडायची. पुस्तक वाच, आणि का निवडलीस ते मला सांग. कारण पटलं नाही तर टेबलाला हात लावायचा नाही."

पावडर मी निवडायची! मी! त्या रात्री मला इतका आनंद झाला की मी प्रतापना दोनदा चहा दिला.

पुस्तक चांगलं जाडजूड होतं. मी सियाची जुनी वही घेतली आणि शब्द काढत बसले. पावडरी एक का दोन! कुठली झटकन जळते, कुठली रेंगाळत. कुठली खसखशीसारखी गोल, कुठली पोह्यांच्या चुऱ्यासारखी चपटी. शिवाय प्रत्येकीचं माप वेगळं, एकीचं दुसरीला चालत नाही. प्रताप ऑफिसची मीटिंग संपवून बाहेर यायचे आणि विचारायचे, "परीक्षा कधी आहे?"

मग मी दुकानात गेले. साडी घ्यायला गेल्यासारखी अडीच तास उभी होते.

"जरा हातावर घेऊन बघू का?"

"नो मॅम."

"वास तरी?"

"नो मॅम."

"बरं, यातली तुमच्या घरी कुठली वापरतात?"

त्या माणसाने मला खुर्ची आणून दिली.

पण शेवटी मला सापडली! पुस्तकात लिहिलं होतं की काही पावडरी नळीत अगदी तळाशी बसतात. चुकून दोनदा पडली तरी दिसत नाही, आणि मग पिस्तूल फुटतं. काही मात्र फुगीर असतात. त्या दोनदा पडल्या की नळीतून उतू जातात. मला एकदम उकडीचा मोदक दिसला. सारण दुप्पट भरलं तर पाकळ्या मिटतच नाहीत, चूक तिथल्या तिथे कळते. मी ती फुगीर पावडर उचलली आणि पळत डेलकाकांकडे गेले.

"माझ्यासारखीला फुगीरच हवी," मी म्हटलं. "मी विसरते. मी विसरले तर ती सांडून मला सांगेल."

डेलकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. "चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "मला कोणी इतकं शहाण्यासारखं उत्तर दिलं नाही. रविवारी दोन वाजता ये."

शहाणी! मला! मी घरापर्यंत तरंगत आले.

आता इथे माझी खरी चूक सुरू होते. पावडरची ती बाटली. काय बाटली होती म्हणून सांगू! काळी, जाड, रुंद तोंडाची, झाकण असं घट्ट की मुंगीला निरोपसुद्धा आत पोचू नये. आणि माझं मेतकूट काचेच्या बरणीत, उजेडात, वास उडून बिचारं केविलवाणं झालेलं. मेतकुटाला काळी बाटली म्हणजे स्वर्ग! मी शनिवारी पावडर एका दह्याच्या डब्यात ओतली, बाटली तीनदा धुतली, उन्हात वाळवली आणि मेतकूट भरलं. बाटलीवरचं लेबल गरम पाण्याने आणि खोबरेल तेलाने काढून टाकलं. त्यावर ज्वाळेचं चित्र होतं, ते मेतकुटावर बरं दिसेना.

दह्याचा डबा म्हणजे आपल्या इंडियन ग्रोसरीतला तो पाच पौंडी. आमच्याकडे तसे चौदा आहेत.

रविवारी दोन वाजता मी गॅरेजमध्ये हजर. केस बांधलेले, चष्मा पुसलेला, बगलेत डबा. डेलकाकांनी तो पाहिला आणि त्यांच्या भुवया टोपीत गेल्या.

"हे काय?"

"पावडर."

"हे दही आहे."

"डबा दह्याचा आहे, काका. आत पावडर आहे." एवढी साधी गोष्ट त्यांना कळेना याचं मला नवल वाटलं. मी झाकण उघडलं. आत काळपट, चपटं, भुरभुरीत असं छान दिसत होतं. डेलकाका वाकले. त्यांनी हळूच वास घेतला. मग परत घेतला.

"मिस अहिल्या," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुझ्या पावडरीत लसूण आहे का?"

ती माझी कारळाची चटणी होती.

मी चटणीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. रविवार, दोन वाजून दहा मिनिटं. प्रताप रविवारी दोन वाजता भाकरी आणि कारळाची चटणी खातात! मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो! काय करताय?"

"जेवतोय."

"काय जेवताय?"

"अजून काही नाही. भाकरी गरम करतोय. आज चटणीला काही वासच नाही गं. लसूण विसरलीस?"

"खाल्लीत?"

"नाही. आत्ताच वाढून घेतली, वर तेल ओतलं. तेलात भिजेना नीट. थोडी कढईत परतून घेऊ का?"

"गॅस बंद करा!"

"अगं, भाकरी…"

"करपू दे भाकरी! नका परतू! तुमच्या ताटात माझी पावडर आहे!"

"कसली पावडर?"

"पिस्तुलाची!"

मग पंचवीस वर्षं माझ्याशी संसार केलेले माझे यजमान म्हणाले, "मला साधं सांगायचं होतंस की चटणी करायचा कंटाळा आलाय."

आता डेलकाका फोनकडे वाकून ओरडले, "प्रताप! स्टोव्हपासून लांब हो! ताट खाली ठेव आणि बाहेर ये!" प्रताप मीटिंगमध्ये कोणाचं ऐकत नाहीत, पण त्या आवाजाला पटकन "येस सर" म्हणाले. आम्ही दोघं पोचलो तेव्हा ते लॉनवर उभे होते, हात वर करून. (हात वर करा असं कोणी सांगितलं नव्हतं.)

गॅस बंद होता. ताटात, माझ्या दोन आठवड्यांच्या अभ्यासावर, शेंगदाण्याचं तेल चमकत होतं.

"एवढंच ना," मी म्हटलं. "हा एक चमचा टाकून देऊ. बाकीची डब्यात चांगली आहे. माझीच आहे ती, काका. मी माझ्या हाताने ओतली."

डेलकाकांनी मान हलवली. "मूळ बाटलीत नाही, तर ती पावडर कुठली हे कोणालाच माहीत नाही. असा नियम आहे."

"मला माहीत आहे!"

त्यांनी फ्रिज उघडला आणि पहिल्या दह्याच्या डब्यावर बोट ठेवलं. "यात काय?"

"कोथिंबीर."

झाकण काढलं. इडलीचं पीठ.

"यात?"

"इडलीचं पीठ."

कोथिंबीर.

"आणि यात?" आता मी सावध झाले. नीट विचार केला, डबा उचलून वजन पाहिलं, हलवून कान लावला. "भिजवलेली मटकी!"

ते दही होतं. आमच्या घरात दह्याच्या डब्यात दही! माझा मलाच राग आला.

प्रताप हळूच म्हणाले, "त्या लोणच्याचं सांगू का?" सांगायची गरज नव्हती. दिवाळीत मी डेलकाकांना बटरच्या डब्यातून कैरीचं लोणचं पाठवलं होतं, आणि त्यांनी ते सकाळी उठून टोस्टला जाड लावलं होतं. तेव्हा ते काही बोलले नव्हते. आता फक्त माझ्याकडे पाहिलं.

मग आम्ही ती पावडर लॉनवर पसरली. फुगीर पावडर, सगळीच्या सगळी, विरळ विरळ. डेलकाका म्हणाले, गवताला चांगली असते, त्यांचे वडीलही तसंच करायचे. मी मूठ मूठ टाकत होते आणि नाक ओढत होते. "कढीपत्त्याच्या कुंडीत नको टाकूस," प्रताप पायरीवरून म्हणाले, "मी तो पोह्यांत खातो." उद्या पोहे करायचेच नाहीत, असं मी मनात ठरवलं.

बहुतेक माझं तोंड फार उतरलं होतं, कारण जाता जाता डेलकाका फाटकापाशी थांबले.

"हे बघ. निवड तुझी बरोबर होती. तीच पावडर माझ्या कपाटात आहे, न उघडलेली बाटली. उद्या सकाळी आठला मी कॉफीला येतो. तुझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर लेबल असलं, आणि आत तेच असलं, तर बाटली तुझी आणि टेबलही. शनिवारची मॅच तू तुझ्या गोळ्यांनी खेळ."

माझ्या अंगात वारंच शिरलं! मी सियाच्या खोलीतून रंगीत पेन आणि चिकट कागद आणले. डाळी, पिठं, मसाले, फ्रिज, सगळं खाली काढलं. प्रताप झाकण उघडायचे, वास घ्यायचे, ओरडून सांगायचे, आणि मी लिहायचे, इंग्रजीत, डेलकाकांना वाचता यावं म्हणून. "तूर!" "लिहिलं!" "ही काय, धण्याची पूड की जिऱ्याची?" "चाखून बघा!" "आज मी काहीही चाखणार नाही!" लग्नानंतर इतकं मिळून आम्ही काही केलं नव्हतं. सातपर्यंत एकोणसाठ डबे झाले. मेतकुटाच्या काळ्या बाटलीवरसुद्धा मी मोठ्या अक्षरात 'मेतकूट' लिहिलं आणि खाली 'नॉट पावडर'. (मेतकूट पावडरच असतं म्हणून नंतर खोडलं.)

शेवटी गॅसजवळचे दोन डबे राहिले, रोजचे. मी न बघताच त्यांच्यावर लेबलं मारली.

"अगं, उघडून तरी बघ," प्रताप म्हणाले.

"साखर आणि मीठ?" मी हसले. "तेवीस वर्षं या ओट्यापाशी उभी आहे. ते मला झोपेतसुद्धा कळतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर आठ वाजता डेलकाका नवी बाटली बगलेत घेऊन आले, त्यांनी सगळी लेबलं वाचली, मला शाबासकी दिली, 'शुगर' लिहिलेल्या डब्यातले दोन चमचे कॉफीत घातले, एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि बाटली बगलेत तशीच धरून घरी परत गेले.