उपाशी बाटली

यीस्टच्या दोन बाटल्या मुलीने ओट्यावर ठेवल्या आणि बाबांचं लक्ष थेट चिठ्ठ्यांकडे गेलं. एकीवर ‘पोटभर’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘उपाशी’. वसतिगृहाच्या भटारखान्यात अख्खी हयात घालवलेल्या माणसाच्या ओट्यावर असली चिठ्ठी यावी, हे त्यांना मुळीच रुचलं नाही.

पण इलाज नव्हता. रंगकामामुळे प्रयोगशाळा रविवारी बंद होती, बाटल्या तर सारख्या हलवायला हव्या होत्या, आणि मुलीला उद्याच्या प्रयोगाच्या तयारीसाठी मैत्रिणीकडे जायचं होतं. तिने बाबांना नीट समजावलं. उपाशी बाटलीत नायट्रोजन नाही, त्यामुळे तिच्यातल्या पेशींना वाढता येत नाही. मग त्या आपली साखर अडीअडचणीसाठी अंगात साठवून ठेवतात. आयोडीनचा थेंब टाकला की हा साठा गडद तपकिरी दिसतो. म्हणजे दिसायला हवा. आजवर दर वेळी रंग फिकाच आला होता, आणि उद्याही तसंच झालं तर तिच्या मार्गदर्शक मॅडम प्रयोग कायमचा गुंडाळणार होत्या.

“म्हणजे यांना उपाशी ठेवायचं, आणि वर यांनीच शिल्लक टाकायची?” बाबांनी विचारलं.

“बाबा, तुम्ही फक्त हलवा.”

बाबांनी इमानेइतबारे हलवलं. सोमवारी तर बाटल्या मांडीवर घेऊन तेच बसमधून प्रयोगशाळेत आले, कारण मुलीला वाटेत टिपणं पुन्हा वाचायची होती.

मॅडमसमोर तिने पोटभर बाटलीतल्या पेशींवर आयोडीन टाकलं. रंग जेमतेम पिवळसर. मग श्वास रोखून उपाशी बाटलीतल्या पेशींवर टाकलं, आणि बघता बघता त्या गडद तपकिरी झाल्या. मॅडम खुर्चीतून उठल्या. मुलीचा जीव भांड्यात पडला.

“बघा,” बाबा समाधानाने म्हणाले, “पोटात चार घास गेले की रंग येतोच.”

मुलीचा जीव भांड्यातून बाहेर आला. “बाबा, तुम्ही काय घातलंत त्यात?”

“साखर. थोडीशीच. बिचारी कधीची उपाशी होती.”

मुलीने डोक्याला हात लावला. प्रयोग बाद, हे तिने स्वतःच सांगून टाकलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाटलीत परकं काही शिरलेलं नव्हतं, फक्त यीस्ट होतं, टुमटुमीत.

“तू नायट्रोजन काढलास ते बरोबर,” त्या अखेर म्हणाल्या, “पण साखरेलाही हात आखडता घेतलास. अगं, साठवायचं तर आधी हातात काही यायला नको?”

मुलगी त्या तपकिरी पेशींकडे बघत राहिली. घर वाढवायला विटा नाहीत म्हटल्यावर या इवल्याशा जिवांनी रडगाणं न गाता आलेलं सगळं सामान माळ्यावर चढवलं होतं. तिला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. बाबांचंही वाटलं, पण ते इतक्यात सांगायची तिची तयारी नव्हती.

“काका, साखर किती घातलीत?” मॅडमनी पेन उघडून विचारलं. आता सगळं त्या आकड्यावर होतं.

“चव बघून.”

मॅडमनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग त्यांनी काट्याशेजारी साखर ठेवून बाबांना पुन्हा तेवढीच घ्यायला सांगितली. बाबांनी तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा वजन वेगळं आलं.

“असं कसं?” मॅडमनी विचारलं.

“समोरच्याच्या भुकेवर असतं ते,” बाबा म्हणाले.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. नायट्रोजन कुणालाच नाही, साखर मात्र चढत्या मापाने, अशा बाटल्यांची रांग लावायची असं ठरलं. प्रयोग वाचला. चिठ्ठ्या लिहायचं काम बाबांनी मागून घेतलं. संध्याकाळी मुलगी बघायला गेली तर उपाशी अशी एकही बाटली नव्हती. पहिलीवर ‘सध्या एवढंच’ होतं, आणि शेवटच्या, सगळ्यात गोड बाटलीवर ‘लाजू नका’.