बाबांचा कॅनव्हासचा पट्टा

हे बाहेर कुठे बोलायचं नाही, असं बाबांनी मला बजावलंय. शिंप्याच्याच पोटाची शिवण उसवली हे कळलं तर गिऱ्हाईक पँट कोणत्या भरवशावर टाकेल, असं त्यांचं म्हणणं. (मी बोलत नाहीये, लिहितेय.)

दुकानातले कापडाचे तागे एरवी आईच माळ्यावर चढवते, कारण बाबांची पाठ नाजूक आहे. महिन्यापूर्वी ती बँकेत गेली होती म्हणून एक तागा बाबांनी उचलला आणि त्यांच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. आडवं झालं की गायब, खोकलं की हजर. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, हर्निया असेल. दुसरा कुणी डॉक्टरकडे गेला असता. बाबांनी मात्र तीन आठवडे अंगावर काढून वीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. वरचं कापड विरलंय, आतलं अस्तर डोकावतंय, तेव्हा वरून पट्टी मारली की काम झालं. कॉलरचं कॅनव्हास दुहेरी घेऊन, आत कापूस भरून त्यांनी झकास पट्टा शिवला. फिटिंगला तोड नव्हती. फक्त बसता येत नव्हतं. आठ दिवस ते उभ्याने जेवले. आईला सांगितलं, पचन सुधारतं.

नवव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घ्यायला वाकले, शिंक आली आणि बक्कल उडालं. बाबा खाली बसले ते उठेचनात. गिऱ्हाईक बिचारं बराच वेळ पाय ताठ करून उभं होतं.

डॉक्टरांनी पट्टा उलटासुलटा करून पाहिला आणि शिलाईचं कौतुक केलं. मग म्हणाले की पोटाच्या स्नायूंची भिंत कमकुवत झाली की तिथून आतडं बाहेर येतं. पट्ट्याने भोक बुजत नाही. आतडं त्यात अडकलं तर रक्तपुरवठा बंद होतो, जीवावर बेतू शकतं.

सोबत आई होती. तिने हळूच विचारलं, "बेंबीपाशी असेल तर? आणि दोन वर्षं झाली असतील तर?"

"पण हे तर महिनाच म्हणताहेत," डॉक्टर म्हणाले.

"ते बरोबर सांगताहेत," आई म्हणाली.

तिला पडद्याआड तपासलं. बाबांचं ऑपरेशन सवडीने चालेल, आईचं याच आठवड्यात करायचं, असं ठरलं.

घरी येताना बाबा दुखावले होते. "अगं, मला सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, गॅस असेल."

घरी आल्यावर, ऑपरेशननंतर स्वयंपाकाचं कसं करायचं, हे त्यांनी दोनदा विचारलं.

मला बाबांचा फार राग आला. (घरात कुणाचं काय चाललंय ते माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी समजत होते.) मी आईला म्हटलं, निदान मला तरी सांगायचंस. ती भाजी निवडत म्हणाली, "तुलाही सांगितलं होतं. तू वहीत लिहीत होतीस. 'हं' म्हणालीस."

आता ती आतून हाक मारतेय. दुसऱ्यांदा. ऐकू येतंय मला, उठतेच आहे, फक्त हे एवढं एक वाक्य नीट पुरं झालं की लगेच